आरसा वर गेला तेव्हा

फोटोबाईंना लपायला आवडायचं. यावरून कुणी त्यांना भित्र्या समजेल, तर तसं मुळीच नव्हतं. गल्लीत भांडण लागलं की सोडवायला पहिल्या त्याच धावायच्या आणि सोडवता सोडवता दोन्ही बाजूंना चार शब्द सुनावून यायच्या. पण स्वतःच्या स्टुडिओत, कामाच्या वेळी, त्या कॅमेऱ्यामागे अशा गडप व्हायच्या की समोरच्याला दिसायचे ते फक्त दोन कोपर आणि केसांचा अंबाडा.

हे त्यांना मामाने शिकवलं होतं. रीळ भरायच्या काळापासून मामाचा स्टुडिओ होता, आणि त्याच्याकडे त्या सतराव्या वर्षी कामाला लागल्या. मामा म्हणायचा, "माणसाला समोर माणूस दिसला की तो तोंड बनवतो. आपण दिसायचंच नाही. डोळा काचेला, श्वास पोटात." फोटोबाईंनी हे शब्दशः पाळलं. दोन्ही दिव्यांचा उजेड स्टुलावरच्या माणसावर, आणि त्या स्वतः काळोखात. तिथून फक्त आवाज यायचा. "हनुवटी खाली. अजून थोडी. खांदे सोडा की हो, कुणी मारणार नाहीये तुम्हाला." आणि आवाज असा गोड आणि खट्याळ, की पासपोर्टच्या फोटोसाठी आलेला कडक चेहऱ्याचा कारकूनही नकळत सैल व्हायचा. रडकी पोरं थांबायची. रुसून बसलेल्या म्हाताऱ्या हसायच्या. सत्तावीस वर्षांत असं तोंड आलं नाही, जे त्यांनी त्या काळोखातून बोलून खुलवलं नाही.

एक सोडून. आणि ते एक तोंड त्यांच्याच घरात राहत होतं.

नवरा घडाईच्या कारखान्यात हॅमरवर होता. हॅमर म्हणजे दोन मजली उंचीचं यंत्र. भट्टीतून लालभडक लोखंड काढायचं, चिमट्याने साच्यावर धरायचं आणि वरून टनभर वजन दणादण आदळवून घ्यायचं. आवाज असा, की नवखा माणूस दारातूनच परत फिरावा. तिथे त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. लोखंडाच्या रंगावरून ते किती तापलंय हे तो सांगायचा आणि कधी चुकायचा नाही. घरी मात्र फोटोबाईंच्या मते तो दगड होता.

"दगडाशी लग्न केलं मी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी ओ नाही. फोन वाजला तर घेणार नाही. "मला नाही आवडत फोनवर बोलायला," एवढंच. मुलगी परगावी, तिचा फोन आला की बायकोच्या हातात द्यायचा आणि समोर बसून "काय म्हणते? काय म्हणते?" करायचा. समोरासमोर बसलं की मात्र बोलायला पक्का. हॅमरवाल्यांचा असतो तसा मोठा, सपाट आवाज, आणि गप्पा अशा की हलायचं नाव नाही. पण बोलता बोलता दिवा गेला की या माणसाचं तोंड बंद. फोटोबाई काळोखात दोन-चार वाक्यं बोलायच्या, उत्तर यायचं नाही, मग "झोपले वाटतं" म्हणून त्याही गप्प व्हायच्या. ऐकायला थोडं कमी येतं, हे त्यांना माहीत होतं. हॅमरवरच्या कुणाला नीट येतं? पण थोडं कमी येणं वेगळं आणि लक्षच नसणं वेगळं, असं त्यांचं पक्कं मत होतं.

आणि फोटो! लग्नानंतरचा पहिला फोटो बघा, मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा बघा, मुलीच्या लग्नातला बघा. सगळीकडे बाकी लोक छान, आणि मधे हा भुवया वर चढवून, डोळे ताणून, अभ्यासात नसलेला प्रश्न पेपरात आलेल्या मुलासारखा उभा. वर्षं गेली तशा भुवया आणखी वर गेल्या. "अहो, हसा!" म्हणून फोटोबाईंनी कॅमेऱ्यामागून घसा फोडला तरी ढिम्म. बरं, कॅमेरा खाली घेतला की हाच माणूस पुढच्या क्षणाला गालातल्या गालात हसायचा. ते हसू त्यांनी हजारदा पाहिलं होतं. ते एकदाही फोटोत उतरलं नव्हतं.

आता हे एरवी चालून गेलं असतं. पण शनिवारी उस्तादचा कारखान्यातला शेवटचा दिवस होता.

कारखान्याच्या कँटीनमध्ये एक भिंत होती. हॅमरवरून जो माणूस धडधाकट निवृत्त होईल त्याचा मोठा फोटो तिथे लागायचा. सतरा फोटो लागले होते, त्यातले अकरा फोटोबाईंनी काढलेले, आणि अकराही जण असे दिसायचे की आत्ता भिंतीवरून उतरून चहा मागतील. अठरावा उस्तादचा लागणार. तो भिंतीवरून पुढची तीस-चाळीस वर्षं त्या अभ्यासात नसलेल्या प्रश्नाकडे बघत बसणार, या विचाराने फोटोबाईंना अन्न गोड लागेना. लोक म्हणतील, अकरा परक्यांना हसवलं, स्वतःच्या नवऱ्याला नाही जमलं. आणि लोकांचं सोडा. ज्या चेहऱ्याबरोबर त्यांनी एवढी वर्षं काढली, तो खरा कसा आहे हे सांगणारा एकही कागद जगात नव्हता.

रविवारी त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं. चाळीस फोटो काढले. चाळीसही वाया. "हनुवटी खाली" म्हटलं तर हा मान वर करी. "माझ्याकडे बघा" म्हटलं तर छताकडे. एक्केचाळिसाव्याला कॅमेऱ्याने आतून "खटाक" असा कधी न केलेला आवाज केला आणि तो गेला. अकरा वर्षांचा जुना डिजिटल एसएलआर. डोळा लावायच्या काचेभोवतीचं रबर फोटोबाईंच्या गालाच्या आकाराचं झालेलं, मागच्या छोट्या पडद्यावर त्यांच्या नाकाचा कायमचा तेलकट ठसा.

"यानेही हात टेकले तुमच्यापुढे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. पण तेव्हा त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या, आणि तो काहीच बोलला नाही.

सोमवारी त्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेल्या. दुकानदार त्यांना रिळांच्या काळापासून ओळखत होता. जुना कॅमेरा कानाशी धरून, हलवून त्याने मान डोलावली. "बाई, याला आता पुरे म्हणा. नवा घ्या. भिंगं तुमची तीच चालतील. आणि यात लाइव्ह व्ह्यू आहे. डोळा लावायलाच नको, फोटो काढायच्या आधीच समोरचं सगळं मागच्या पडद्यावर दिसतं. टीव्हीसारखं."

"टीव्ही घरी आहे माझा," फोटोबाई म्हणाल्या. "मला कॅमेरा पाहिजे."

नवा कॅमेरा घेऊन त्या आल्या खऱ्या, पण मंगळवारी सकाळी स्टँडवर चढवून, दोन-चार बटणं दाबून काचेला डोळा लावला तर आत काळंकुट्ट! झाकण काढलंय, दिवे लावलेत, बॅटरी भरलीय, आणि आत अमावास्या. पहिलं गिऱ्हाईक बाहेर भांग पाडत बसलेलं. फोटोबाईंनी त्याला दुपारी यायला सांगितलं आणि कॅमेरा पिशवीत घालून तरातरा दुकान गाठलं.

"एका रात्रीत आंधळा झाला हा! हेच का तुमचं नवं?"

दुकानदाराने कॅमेरा हातात घेतला, बघितला आणि इतका हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला. "बाई, आंधळा नाही झाला. तुम्ही लाइव्ह व्ह्यूचं बटण दाबलंत. हे बघा." त्याने भिंग काढून आत बोट दाखवलं. "एरवी इथे एक आरसा असतो. समोरून आलेलं चित्र तो वर पाठवतो, तुमच्या डोळ्याकडे. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो. मग वर काही जातच नाही, सगळा उजेड सरळ मागच्या सेन्सरवर पडतो आणि पडद्यावर दिसतो. तुम्ही नको तिथे डोळा लावून बसलात. सत्तावीस वर्षांची सवय, दुसरं काय! जुने सगळे फोटोग्राफर हीच चूक करतात."

फोटोबाई ओशाळल्या, पण तसं दाखवतील तर शपथ. "मग तो पडदा दाखवा," असं जरा गुरगुरतच म्हणाल्या.

त्याने भिंग परत बसवलं, कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि समोर त्यांचीच कापडी पिशवी. पडद्यावर पिशवी आली. मग त्याने भिंगाचं चित्र असलेलं एक बटण दाबलं, एकदा, दोनदा. पिशवी नाहीशी झाली. पडद्यावर जाडजूड दोर आले, एकाखालून एक, एकावरून एक, शिस्तीत विणलेले, आणि मधे एका दोराला केसाएवढा पीळ सुटलेला.

"हे काय आहे?" फोटोबाईंनी विचारलं.

"तुमची पिशवी. दहापट. फोकस करायला देतात हे. थरथरू नका, तुमचा हात काउंटरला लागला की बघा कसं हलतंय."

फोटोबाईंनी हात काढून घेतला. दहा वर्षं ती पिशवी त्या खांद्याला लावून हिंडल्या होत्या. ती अशी कुणीतरी एकेक धागा मोजून विणलेली आहे, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

ती दुपार त्यांची कुठे गेली, त्यांचं त्यांना कळलं नाही. गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याचा फोटो त्यांनी जुन्याच पद्धतीने काचेला डोळा लावून काढला, आणि दार लोटून पुन्हा पडद्यासमोर बसल्या. सुईचं नेढं बघितलं; कड चक्क खडबडीत होती. मिठाचे चार कण बघितले. एकेक कण म्हणजे चौकोनी खोली. स्वतःचा तळहात बघितला तर त्यावर वाटा, उपवाटा, ओढे. आणि हे सगळं काढून ठेवलेलं चित्र नव्हतं, त्या क्षणाला समोर चालू होतं. बोट हललं की ओढा हलत होता. फोटोबाईंच्या तोंडून आपोआप "अगंबाई" निघत होतं. एवढी वर्षं बघण्याचाच धंदा केला, आणि किती वरवर बघितलं, असं त्यांना वाटून गेलं. मग त्यांनी तो विचार झटकला, कारण पाच वाजले होते आणि काम पडलं होतं.

बुधवारी उस्तादची पाळी लवकर सुटायची. गुरुवारी सकाळी फ्रेमवाल्याला फोटो द्यायलाच हवा होता, नाहीतर शनिवारपर्यंत फ्रेम होणार नव्हती. म्हणजे बुधवारचीच संध्याकाळ हातात होती. उस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर येऊन बसला. चेहरा आधीच पडलेला.

"नको गं," तो म्हणाला. "माझे फोटो चांगले येत नाहीत. कामाच्या ओळखपत्रावरचाच लाव मोठा करून."

"त्यात तुम्ही फरारी दिसता," फोटोबाई म्हणाल्या. "बसा गप."

फोकस अचूक हवा, फोटो मोठा करायचाय, म्हणून त्यांनी लाइव्ह व्ह्यू लावला. आरसा खट करून वर गेला. पडद्यावर उस्ताद आला. त्यांनी चौकट त्याच्या उजव्या डोळ्यावर नेली आणि दोनदा बटण दाबलं.

पडदाभर डोळा. फोटोबाई बघतच राहिल्या. पापणीवर ठिणगीचा जुना डाग, तांदळाच्या कणीएवढा. बुबुळाभोवती राखाडी कड; ही कधी आली? पांढऱ्यात लाल रेषा, भट्टीच्या. आणि मधल्या काळ्यात दोन दिव्यांचे दोन पांढरे चौकोन. या डोळ्याशी त्यांची एवढ्या वर्षांची ओळख होती आणि तो त्यांनी कधी असा पाहिला नव्हता.

"हनुवटी जरा खाली," त्या सवयीने पुटपुटल्या.

डोळा पडद्यावरून खाली सरकला. हनुवटी खाली आली होती. पहिल्या सांगण्यात.

फोटोबाईंना वाटलं, योगायोग. "थोडी डावीकडे." डोळा डावीकडे गेला, बरोबर हवा तेवढाच. रविवारी चाळीस वेळा सांगून जे झालं नव्हतं ते आज घडत होतं. आनंदाच्या भरात त्या जुन्या सवयीने वाकल्या, काचेला डोळा लावला आणि काळोखात बोलल्या, "आता हसा बघू!" काही नाही. त्यांनी स्वतःवर वैतागून मान वर केली, आणि पडद्यावरचा डोळा दिसला.

तो डोळा काहीतरी शोधत होता. इकडे, तिकडे, वर, पुन्हा खाली. भुवई ताणलेली, पापणी फाकलेली. तीच ती नजर, सगळ्या फोटोंमधली. आणि फोटोबाईंचा चेहरा कॅमेऱ्याच्या वर आला त्या क्षणी ती निवली. एका जागी येऊन थांबली. पण भिंगावर नाही, आणि त्यांच्या डोळ्यांवरही नाही. डोळ्यांच्या किंचित खाली.

"तुम्ही कुठे बघताय?" त्यांनी विचारलं. शब्दागणिक बुबुळ बारीक हलत होतं. एका शब्दाला एक हिसका. शब्द संपले, बुबुळ थांबलं. दहापट मोठं केलं नसतं तर हे कुणाला दिसलं नसतं.

"तुझ्याकडेच," उस्ताद म्हणाला.

फोटोबाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर हात धरला आणि हाताआडून स्वच्छ, मोठ्याने म्हणाल्या, "डोळे मिटा." डोळा मिटला नाही. भुवई वर गेली, नजर भांबावली. त्यांनी हात काढला. मग त्यांनी आवाज अजिबात न काढता, फक्त ओठ हलवले. *चहा घेणार?*

"फोटो झाल्यावर," उस्ताद मोठ्या, सपाट आवाजात म्हणाला.

खोलीत दुसरा कुठलाही आवाज झाला नव्हता. पंख्याची घरघर तेवढी. फोटोबाईंचा हात स्टँडला लागला आणि पडद्यावरचा डोळा भूकंप झाल्यासारखा हलला.

त्यांच्या मनात एकेक गोष्ट उलटी फिरू लागली. स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका. न घेतलेले फोन. समोर बसूनच बोलायचा हट्ट. दिवा गेला की बंद होणारं तोंड. झोप लागत नव्हती तर, काळोखात एकटाच जागा असायचा. आणि प्रत्येक फोटोच्या वेळी आपण काय केलं? कॅमेरा उचलला आणि बरोबर तोंडासमोर धरला. ज्या वस्तूकडे तो बघून ऐकत होता तीच झाकून टाकली, आणि वर ओरडलो, हसा म्हणून.

"अहो," त्या म्हणाल्या, पुन्हा आवाज न काढता. "किती वर्षं?"

उस्तादच्या लक्षात आलं. तो आधी स्टुलावर चुळबुळला, बाही नीट केली, दाराकडे बघितलं. पकडलेल्या माणसाला जे जे सुचतं ते सगळं केलं. मग म्हणाला, "साफ गेलं त्याला नऊ झाली. त्याआधी थोडं थोडं जात होतं."

"नऊ वर्षं! आणि कळलं कसं नाही मला?"

"हॅमरवर कुणी कानाने ऐकत नाही गं. पहिल्या वर्षीच ओठ वाचायला शिकतो माणूस. तिथे सगळे तसेच बोलतात. मला ते चांगलं जमतं." शेवटचं वाक्य त्याने जरा अभिमानाने म्हटलं.

"सांगायचं नाही मला?"

"सांगितलं असतं तर तू ओरडून बोलली असतीस. सगळे तसंच करतात. ओरडताना तोंड वाकडं होतं, मग काहीच वाचता येत नाही. तू अशी साधी बोलतेस ना, ते सगळ्यात स्वच्छ दिसतं. मुलीचंसुद्धा एवढं नाही दिसत. आणि आवाज मला पाठ आहे तुझा. तू बोलायला लागलीस की मी तो आतून लावतो. अजून तसाच आहे ना?"

फोटोबाईंचा आवाज गेल्या चार वर्षांत बसला होता. घसा खरखरायचा. गिऱ्हाइकंही म्हणायची, बाई, औषध घ्या.

"तसाच आहे," त्या म्हणाल्या.

त्यांना रडू आलं, आणि रडू येता येता त्या अशा काही थक्क झाल्या की रडणं अर्ध्यावर राहिलं. या बाईने आयुष्यभर स्वतःला लपवलं होतं. आरशात त्या भांग पाडण्यापुरत्या बघायच्या. आपल्याकडे कुणी बघत नाही, नवरा तर नाहीच, हे त्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटेनासं झालं होतं. आणि इथे हा माणूस नऊ वर्षं, त्यांचा एकेक शब्द, भाजीचा, शेजारणीचा, दुखणाऱ्या गुडघ्याचा, त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघून उचलत होता. नजर हलली असती तर शब्द गेला असता. म्हणजे ती हललीच नव्हती. ज्याला त्या लक्ष नसलेला म्हणत होत्या त्याच्याइतकं लक्ष या जगात कुणी कुणाला दिलं असेल, असं त्यांना वाटेना. पडद्यावर तो डोळा अजून वाट बघत होता, की ही पुढे काय म्हणते.

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि कामाला लागल्या. एक पाऊल मागे सरून काही बोलल्या. पण डोळा पुन्हा ताणला गेला.

"तुझ्यावर काळोख आहे," उस्ताद म्हणाला. "उजेड सगळा माझ्यावर. पडद्याच्या उजेडात थोडंसं दिसतंय, पण धूसर. रविवारी तर काहीच नव्हतं."

फोटोबाईंनी दोन्ही दिव्यांकडे बघितलं. सत्तावीस वर्षांत ते दिवे जागचे हलले नव्हते. त्यांच्या पायांचे डाग फरशीवर पडले होते. मग त्यांनी डावीकडचा दिवा उचलला, गर्रकन फिरवला आणि स्वतःच्या तोंडावर टाकला. प्रखर उजेड. त्यांना एकदम उघडं पडल्यासारखं झालं. गिऱ्हाइकांना असं वाटतं होय, हे पहिल्यांदा कळलं. लपायला कॅमेराही नव्हता. तो छातीशी होता, आणि त्यांचा सगळा चेहरा, सुरकुत्या, रडून लाल झालेलं नाक, त्याच्या वर.

उस्तादने बघितलं. भुवया आपल्या जागी आल्या. खांदे कुणी न सांगता सैल झाले.

फोटोबाईंनी चित्र पुन्हा लहान केलं, पूर्ण चेहरा पडद्यात घेतला आणि बटणावर बोट ठेवलं. मग आवाज न काढता, एकेक शब्द नीट, त्याला बघायला वेळ देत म्हणाल्या, *दगडाशी लग्न केलं मी.*

ते हसू आलं. गालातल्या गालात सुरू होऊन डोळ्यांपर्यंत गेलेलं, घरचं. त्यांनी बटण दाबलं.

शनिवारी कँटीनमध्ये अठरावा फोटो लागला. भाषणं झाली, चहा झाला, आणि मग हॅमरवरची मंडळी भिंतीसमोर गोळा झाली. आत यंत्रं चालूच होती, त्यामुळे कुणी कानाने काही ऐकत नव्हतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत होते. फोटोबाई हे आज पहिल्यांदा बघत होत्या, म्हणजे आधी अकरा वेळा येऊनही पहिल्यांदा. उस्ताद त्यांच्या शेजारी उभा होता आणि सारखा वळून त्यांच्याकडे बघत होता, न जाणो काही म्हणाली तर.

साहेब ऑफिसातले, त्यांना ओठ वाचता येत नव्हते. ते फोटोबाईंच्या कानाशी येऊन ओरडले, "फोटो फारच सुंदर! फक्त बाकीच्यांच्या दोन्ही गालांवर उजेड आहे. याच्या एका बाजूला सावली कशी?"

फोटोबाई उस्तादकडे वळल्या, म्हणजे त्यालाही दिसावं.

"दुसरा दिवा मला लागला होता," त्या म्हणाल्या.